हेडली, सोबर्स, लारा की रिचर्ड्स? वेस्ट इंडीजचे फलंदाज तोलायचे कसे

वेस्ट इंडीजच्या जुन्या फलंदाजांत सर्वात मोठा कोण, आणि इतक्या वेगवेगळ्या काळातल्या माणसांची तुलना आकड्यांवरून करता येते का, असा प्रश्न आहे. करता येते. फक्त सरासरीचा रकाना वाचून हात झटकता येत नाहीत. तो रकाना आधी मांडतो, म्हणजे घोळ कुठे आहे ते लगेच दिसेल.

जॉर्ज हेडली ६०.८३, एव्हर्टन वीक्स ५८.६१, गॅरी सोबर्स ५७.७८, क्लाइड वॉलकॉट ५६.६८, ब्रायन लारा ५२.८८, शिवनारायण चंदरपॉल ५१.३७, व्हिव्ह रिचर्ड्स ५०.२३, फ्रँक वॉरेल ४९.४८, रोहन कन्हाय ४७.५३, क्लाइव्ह लॉइड ४६.६७, गॉर्डन ग्रीनिज ४४.७२. म्हणजे रिचर्ड्स सातवा, तोही चंदरपॉलच्या मागे. समोर यांतला कोणीही उभा असला तरी गोलंदाजाच्या पोटात येणारा गोळा सारखाच असतो, असं कोणी म्हणणार नाही. शिवाय ही फक्त ओळखीची नावं झाली. १५ कसोटी खेळलेल्या चार्ली डेव्हिसची सरासरी ५४.२० आहे, लारापेक्षा जास्त. १९७१ साली आपल्याविरुद्ध त्याने १३२.२५ च्या सरासरीने ५२९ धावा काढल्या होत्या. ती मालिका गावसकरच्या ७७४ धावांमुळे आपल्याला पाठ आहे, डेव्हिस मात्र कोणाच्या लक्षात नाही.

तेव्हा हा रकाना चार-पाच गाळण्यांतून गाळावा लागतो.

पहिली गाळणी नाबाद डावांची. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात, एकूण डावांनी नाही. चंदरपॉल २८० डावांत ४९ वेळा नाबाद राहिला, रिचर्ड्स १८२ डावांत फक्त १२ वेळा. धावांना सरळ एकूण डावांनी भागलं तर चंदरपॉल ४२.४ वर उतरतो आणि रिचर्ड्स ४६.९ वर राहतो. बाकीचे असे: वीक्स ५५.०, हेडली ५४.८, लारा ५१.५, वॉलकॉट ५१.३, सोबर्स ५०.२, कन्हाय ४५.५. यात नाबाद राहणाऱ्यावर थोडा अन्याय होतो हे खरं; पाचव्या-सहाव्या क्रमांकावर शेपटाला सांभाळत खेळणारा नाबाद राहतो तो बहुधा समोरचे संपले म्हणून. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. दोन्हींत ज्याची जागा फारशी हलत नाही त्याची काळजी नाही. ज्याची बरीच हलते त्याचे डाव एकेक करून उघडायचे. चंदरपॉलचे उघडले की कळतं, माणूस सरासरी जपत बसला नव्हता. २००२ साली भारताविरुद्ध तो सलग १५१३ मिनिटं, म्हणजे पंचवीस तासांच्या वर, बादच झाला नाही, कारण संघाला तेवढाच आधार होता. आणि पुढच्याच वर्षी जॉर्जटाउनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ६९ चेंडूंत शतक ठोकलं. पण पहिल्या चारांत तो बसत नाही, हेही हीच गाळणी सांगते.

दुसरी गाळणी नमुन्याच्या आकाराची. बहुतेक वाद इथेच घसरतात. फलंदाजाचे डाव फार विखुरलेले असतात: शून्य, १२, १४०, ४. ढोबळमानाने एका डावाचं विचलन त्याच्या सरासरीएवढंच धरता येतं. म्हणून सरासरीला बाद झालेल्या डावांच्या वर्गमुळाने भागलं की तिच्यात इकडेतिकडे किती धावांची चूक धरायची ते मिळतं. हेडली ३६ वेळा बाद झाला. ३६ चं वर्गमूळ ६, आणि ६०.८३ भागिले ६ म्हणजे साधारण १०. लारा २२६ वेळा बाद झाला, वर्गमूळ १५, चूक साडेतीन धावांची. म्हणजे हेडली ५१ ते ७१ च्या पट्ट्यात कुठेतरी आहे आणि लारा ४९ ते ५६ च्या. हे पट्टे एकमेकांवर चढतात. नुसत्या कसोटी सरासरीवरून ‘हेडली आठ धावांनी मोठा’ असं म्हणणं त्यामुळे टिकत नाही. डेव्हिस २४ वेळा बाद झाला, त्याची चूक ११ धावांची.

नमुना अपुरा पडला तर पुरावा दुसरीकडून आणायचा. हेडलीसाठी तो भक्कम आहे: प्रथम श्रेणीच्या १०३ सामन्यांत ९९२१ धावा, ३३ शतकं, सरासरी ६९.८६. कसोटीच्या आकड्यालाही वर उचलणारा पुरावा. डेव्हिसची प्रथम श्रेणीतली सरासरी त्याच्या कसोटी सरासरीच्या बरीच खाली आहे, म्हणून त्याला बाजूला ठेवता येतं. आणि हेडलीच्या २२ कसोटींपैकी ३ महायुद्धानंतरच्या आहेत, शेवटची तर वयाच्या ४४ व्या वर्षी, १९५४ साली. त्या तिन्हींत मिळून त्याच्या ५५ धावा. युद्धाआधीच्या १९ कसोटी वेगळ्या काढल्या तर २१३५ धावा, सरासरी ६६.७१. तिशी ते अडतिशीपर्यंतची वर्षं, जी फलंदाजाची ऐन भरातली, ती हिटलरने खाल्ली.

तिसरी गाळणी सर्वात कष्टाची आणि माझ्या मते सर्वात उपयोगाची: त्याच सामन्यात, त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी काय केलं? प्रत्येक कसोटीसाठी चार गोष्टी लिहून काढायच्या. त्याच्या धावा, त्याच्या संघातल्या इतरांच्या प्रति बळी धावा, समोरच्या संघाच्या प्रति बळी धावा, आणि तो मैदानात उतरला तेव्हाचा धावफलक. एवढं केलं की १९३० आणि २००० एका पातळीवर येतात, कारण पावसात न झाकलेली उघडी खेळपट्टी, मॅटिंग (खेळपट्टीवर अंथरलेली चटई), हेल्मेट, बाउन्सरचे नियम, जे काही असेल ते त्या सामन्यातल्या सगळ्यांना सारखंच लागू असतं. पोर्ट ऑफ स्पेनला १९५४ पर्यंत कसोट्या मॅटिंगवर होत होत्या; तिथल्या धावांची तुलना सिडनीतल्या धावांशी थेट करण्यापेक्षा तिथल्याच इतरांच्या धावांशी करणं केव्हाही बरं.

एक सामना उघडून दाखवतो. लॉर्ड्स, १९३९. हेडली १०६ आणि १०७. लॉर्ड्स कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारा तो पहिला. वेस्ट इंडीजचे डाव २७७ आणि २२५ चे, दोन्ही सर्वबाद. बेरीज ५०२. त्यातून हेडलीच्या २१३ वजा केल्या की अवांतर धरून उरतात २८९, आणि गडी बाद झाले १८. म्हणजे इतरांच्या प्रति बळी १६ धावा, हेडलीच्या १०६. आता इथे थांबून ‘खेळपट्टी भयानक असणार’ असं ठरवलं तर चूक होईल. इंग्लंडने पहिला डाव ५ बाद ४०४ वर घोषित केला होता, हटन १९६, कॉम्प्टन १२०. खेळपट्टी चांगलीच होती. कमकुवत होती ती हेडलीच्या भोवतालची फलंदाजी. समोरच्या संघाचा रकाना भरला नाही तर हे दोन निष्कर्ष एकमेकांत मिसळतात, आणि नव्वद टक्के वेळा लोक तो भरत नाहीत. युद्धाआधी वेस्ट इंडीजकडून हेडलीने १० शतकं काढली; बाकी सगळ्या संघाची मिळून शतकं एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

लाराची अशीच मालिका म्हणजे २००१-०२ चा श्रीलंका दौरा. तीन कसोटींत १७८ आणि ४०, ७४ आणि ४५, २२१ आणि १३०. एकूण ६८८, संघाच्या सगळ्या धावांच्या ४२ टक्के. मुरलीधरनने त्या मालिकेत २४ बळी घेतले, शेवटच्या कसोटीत चामिंडा वासने एकट्याने १४, आणि वेस्ट इंडीज ३-० हरलं. समोरच्या टोकाचे गडी मुरलीचा चेंडू टप्पा पडल्यावर शोधत होते, लारा तो हातातून सुटतानाच वाचत होता. फिरकीवर एवढी हुकमत परदेशी फलंदाजाने श्रीलंकेत क्वचितच दाखवली असेल.

पण याच गाळणीत एक खड्डा आहे. संघातला वाटा मोजायचा म्हटलं की दुबळ्या संघातला फलंदाज आपोआप मोठा दिसतो. रिचर्ड्सच्या आधी ग्रीनिज-हेन्स (दोघांनी मिळून सलामीला ६४८२ धावा जोडल्या) आणि नंतर लॉइड. त्याला ४२ टक्के मिळायला जागाच कुठे होती? वीक्सच्या आजूबाजूलाही वॉरेल आणि वॉलकॉट. १९५३ साली किंग्स्टनला आपल्याविरुद्ध एकाच डावात वॉरेल २३७, वॉलकॉट ११८, वीक्स १०९. अशा वेळी टक्केवारी सोडून द्यायची आणि वरचा चौथा मुद्दा, उतरला तेव्हाचा धावफलक, तेवढा बघायचा. संघ ३ बाद ४० असताना आलेले डाव वेगळे काढायचे. तिथे जो उभा राहिला तो खरा.

चौथी गाळणी प्रतिस्पर्ध्यांची आणि घर-परदेशाची. वॉलकॉटच्या १५ शतकांपैकी ११ घरची, ४ परदेशातली. १९५५ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध घरी ८२७ धावा, पाच शतकं, दोनदा दोन्ही डावांत. समोर लिंडवॉल, मिलर, बेनॉ. अफाटच. पण त्याआधी १९५१-५२ मध्ये ऑस्ट्रेलियात तो आणि वीक्स दोघेही ढेपाळले होते. लॉरेन्स रो आणखी टोकाचं उदाहरण. १९७२ ला पदार्पणातच किंग्स्टनला २१४ आणि नाबाद १००, १९७४ ला ब्रिजटाउनला ३०२. एकूण ७ शतकं, त्यांतली ५ घरची. देखणेपणात तो कोणालाही हरवेल, पण नजरेचा त्रास आणि दुखापतींमुळे ३० कसोटींवरच थांबला आणि सरासरी ४३.५५.

वीक्स आपल्या लोकांना जास्त जवळचा असायला हवा. सलग पाच डावांत पाच कसोटी शतकं हा त्याचा विक्रम, आणि पाचांपैकी चार आपल्याकडे काढलेली: १९४८ ला किंग्स्टनला इंग्लंडविरुद्ध १४१, मग दिल्लीत १२८, मुंबईत ब्रेबॉर्नवर १९४, कलकत्त्यात १६२ आणि १०१. सहाव्या डावात मद्रासला ९० वर धावबाद. भारताविरुद्ध त्याच्या १० कसोटींत १४९५ धावा, सरासरी १०६.७८. त्या काढून टाकल्या तर उरलेल्या कारकिर्दीची सरासरी ४७.७ वर येते. सोबर्सचंही तसंच. भारताविरुद्ध ८३.४७, पाकिस्तानविरुद्ध ८९.४५, इंग्लंडविरुद्ध ६०.६४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४३.१४ आणि न्यूझीलंडविरुद्ध चक्क २३.७६. भारत-पाकिस्तान वगळले तर सोबर्स ४८.८. लारा नेमका उलटा: ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ कसोटींत ५१.००, श्रीलंकेविरुद्ध ८६.५३, आणि भारताविरुद्ध ३४.५५. भारतात तर त्याच्या नावावर एकही कसोटी शतक नाही.

आता यावरून ‘भारताविरुद्धच्या धावा खोट्या’ असं म्हणणारे लगेच पुढे येतात. तसं नाही. १९४८-४९ ला आपला वेगवान मारा नावापुरता होता, पण १९५३ ला वेस्ट इंडीजमध्ये सुभाष गुप्तेने २७ बळी घेतले आणि तरी वीक्सने त्या मालिकेत ७१६ धावा काढल्या. म्हणून अख्खा प्रतिस्पर्धी कापायचा नाही. मालिका घ्यायची, त्या मालिकेत समोरच्या पहिल्या चार गोलंदाजांनी इतरांना किती धावांत बाद केलं ते बघायचं आणि त्यानुसार वजन द्यायचं. हीच मोजपट्टी आपल्या माणसांना लावायचीही तयारी हवी. गावसकरची वेस्ट इंडीजविरुद्ध १३ शतकं आपण अभिमानाने सांगतो. त्यांतली ४ आहेत १९७८-७९ ची, जेव्हा केरी पॅकरच्या बंडखोर खासगी स्पर्धेकडे गेलेले सगळे बिनीचे खेळाडू संघाबाहेर होते, आणि ४ आहेत १९७१ ची, जेव्हा चार वेगवान गोलंदाजांचा तो तांडा जन्मालाही आला नव्हता. १९८३ चं जॉर्जटाउनचं नाबाद १४७ आणि त्याच वर्षीचं दिल्लीचं १२१ यांचं वजन वेगळंच.

पाचवी गोष्ट गाळणीत बसत नाही, ती डाव उघडूनच बघावी लागते. एकाच माणसाचे दोन डाव शेजारी ठेवले की कळतं.

सोबर्सचे नाबाद ३६५. किंग्स्टन, १९५८, पाकिस्तानविरुद्ध. वय २१ आणि हे त्याचं पहिलंच कसोटी शतक. ३६ वर्षं टिकलेला विक्रम. गोलंदाजीचं पृथक्करण वाचा: फझल महमूद ८५.२ षटकांत २४७ धावांत २ बळी, खान मोहम्मद ५४ षटकांत २५९ धावांत एकही नाही. महमूद हुसेनचा स्नायू सुरुवातीलाच गेला, नसीम-उल-घनीचा अंगठा मोडला, कर्णधार कारदार दुखऱ्या बोटाने टाकत होता. म्हणजे धड दोनच गोलंदाज. खेळपट्टी पाटा. संघ ३ बाद ७९०, त्यात कॉनराड हंटचे २६०. दहा तास एकाग्र राहणं ही मोठी गोष्ट आहेच, पण फलंदाज म्हणून सोबर्सची परीक्षा त्या दिवशी झाली नाही.

ती झाली त्याच मैदानावर दहा वर्षांनी. १९६८, इंग्लंडविरुद्ध. खेळपट्टीला भेगा पडलेल्या, एक चेंडू घोट्याला, पुढचा छातीला. इंग्लंड ३७६, वेस्ट इंडीज १४३, जॉन स्नो ४९ धावांत ७ बळी, सोबर्स शून्यावर पायचीत. फॉलोऑन. दुसऱ्या डावात सोबर्स नाबाद ११३, ९ बाद ३९१ वर डाव घोषित, आणि सामना संपला तेव्हा इंग्लंड ८ बाद ६८ वर लटकत होतं. हरलेली कसोटी दोन बळींनी जिंकायची राहिली. १९६६ चं लॉर्ड्सचं नाबाद १६३ ही त्याच जातीचं. दुसऱ्या डावात ५ बाद ९५, आघाडी फक्त ९ धावांची, तिथून चुलतभाऊ डेव्हिड हॉलफर्डबरोबर अखंडित २७४. त्या मालिकेत सोबर्सच्या ७२२ धावा, सरासरी १०३.१४, शिवाय २० बळी. त्याच्या कसोटी कारकिर्दीत २१,५९९ चेंडू टाकून झालेले आहेत; फलंदाजीची तुलना करताना बळी मोजायचे नाहीत, पण दमलेले पाय मोजायला हरकत नसावी. सहाव्या क्रमांकावर तो हट्टाने येत नव्हता, आधी तीस षटकं टाकून आलेला असायचा.

लाराचंही हेच. नाबाद ४००, सेंट जॉन्स, २००४: इंग्लंड मालिकेत आधीच ३-० ने पुढे, पाटा खेळपट्टी, ५ बाद ७५१, ५८२ चेंडू, सामना अनिर्णित. आणि नाबाद १५३, ब्रिजटाउन, १९९९. पार्श्वभूमी बघा: दक्षिण आफ्रिकेत ५-० मार खाऊन आलेला संघ, या मालिकेच्या पहिल्या कसोटीत ५१ धावांत सर्वबाद, कर्णधारपद टांगणीवर. दुसऱ्या कसोटीत किंग्स्टनला २१३ काढून त्याने बरोबरी साधली होती. ब्रिजटाउनला ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ४९० केल्या. विजयासाठी चौथ्या डावात ३०८ हव्या होत्या. समोर मॅकग्रा, गिलेस्पी, वॉर्न, मॅकगिल. ५ बाद १०५. जिमी ॲडम्सबरोबर १३३ ची भागी, त्यात ॲडम्सच्या धावा ३८, आणि डावातला तोच दुसरा मोठा आकडा. मग ८ बाद २४८. कर्टली ॲम्ब्रोस ३९ चेंडू टिकला, १२ धावा केल्या. शेवटी वॉल्श आला, पाच चेंडू खेळून काढले, शून्यावर नाबाद. ९ बाद ३११. इयन हीलीने लाराचा एक झेल सोडला, हेही त्याच कागदावर लिहून ठेवायचं. नशिबाचा वाटा लपवायचा नाही. तरीही दोन डावांत कोणता मोठा हे विचारायची गरज नाही. ज्यांची यादी नाबाद ४०० आणि नाबाद ३६५ पासून सुरू होते त्यांनी यादी उलटी धरली आहे.

लाराच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा आलेख लांबच लांब खाली होता. बॅट खूप उंच उचलायची आणि चेंडू पडायच्या आधी ऑफला सरकायचं, ही लकब लयीत असताना जादू होती आणि लय गेली की ऑफ यष्टीच्या रेषेत नेमका टाकणाऱ्याला आमंत्रण. मॅकग्राने त्याला कसोटीत १५ वेळा बाद केलं. सोबर्सच्या कारकिर्दीत एवढा मोठा खड्डा सापडत नाही.

आता रिचर्ड्स. त्याच्याबाबत आकडे तोंड का उघडत नाहीत याची कारणं सापडतात. १९७७ ते ७९, म्हणजे वयाची पंचविशी ते सत्ताविशी, तो पॅकरच्या सामन्यांत होता. तिथे लिली आणि इम्रानसारख्यांपुढे त्याने हजाराच्या वर धावा केल्या, सरासरी ५५ च्या पुढे, आणि त्यातलं काहीही कसोटीत धरलं जात नाही. कारकिर्दीच्या उत्तरार्धात संघ इतका वरचढ होता की त्याला बरेचदा गरजच नव्हती. गरज नसली की तो निष्काळजी व्हायचा. पहिल्या भागाची सरासरी दुसऱ्यापेक्षा बरीच वरची आहे. उलट बाजूने, मार्शल, होल्डिंग, गार्नर हे त्या काळातले सर्वोत्तम गोलंदाज त्याला कसोटीत खेळावेच लागले नाहीत, ही सूटही त्याच्या खात्यात लिहायची.

पण १९७६ चं वर्ष बघा: ११ कसोटींत १७१० धावा, सरासरी ९०, ७ शतकं. इंग्लंडमध्ये चारच कसोटींत ८२९, त्यात ट्रेंट ब्रिजला २३२ आणि ओव्हलला २९१. त्याची सुरुवात कुठे झाली? १९७५-७६ ला ऑस्ट्रेलियात लिली-थॉमसनसमोर संघ ५-१ हरत असताना त्याला सलामीला पाठवलं, आणि शेवटच्या दोन कसोटींत त्याने ३०, १०१, ५०, ९८ काढल्या. चार वर्षांनी तिथेच १४०, ९६, ७६, ७४, आणि वेस्ट इंडीजने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा मालिका जिंकली. तंत्र असं की पुढचा पाय ऑफ यष्टीसमोर टाकायचा आणि ऑफ यष्टीवरचा चांगला चेंडू मिडविकेटला वळवायचा. गोलंदाजाचा वाईट चेंडू सगळेच मारतात. हा त्याचा चांगला चेंडू मारायचा, तेही दहाव्या मिनिटाला. मग टप्पा बदलायचा, क्षेत्ररचना पांगायची, आणि समोरच्या टोकाला हेन्स किंवा गोम्सला सुखाने खेळता यायचं. हा फायदा दुसऱ्याच्या सरासरीत जमा होतो, रिचर्ड्सच्या नाही. बंगळूरला १९७४ च्या पदार्पणात चंद्रशेखरने त्याला ४ आणि ३ वर काढलं होतं. पुढच्याच कसोटीत दिल्लीला नाबाद १९२.

आणि एक इशारा. जुन्या फलंदाजांची चेंडूंमागे धावांची गती टाकून वाद घालणारे भेटतात. हेडली, वीक्स यांच्या बऱ्याच डावांत खेळलेले चेंडू नोंदलेलेच नाहीत, मिनिटं नोंदली आहेत. आणि तेव्हा तासाला पडणारी षटकं आजच्यापेक्षा जास्त असायची. त्यामुळे मिनिटांवरून गती काढलीत तर जुने फलंदाज फसवे वेगवान दिसतात.

माझा क्रम, फक्त कसोटी फलंदाजीचा: हेडली, सोबर्स, लारा, रिचर्ड्स, वीक्स. हेडली पहिला कारण कोणत्याही गाळणीतून काढा, तो वरच्या दोघांतच राहतो: सरासरी, प्रति डाव धावा, संघातला वाटा, परदेश. १९३०-३१ ला ऑस्ट्रेलियात लेगस्पिनर ग्रिमेटने त्याला लेग यष्टीवर कोंडलं तेव्हा त्याने मालिकेच्या मध्येच उभं राहण्याची पद्धत बदलली, दोन शतकं काढली, आणि त्याच ग्रिमेटने पुढे त्याला ऑनसाइडचा सर्वोत्तम फलंदाज म्हटलं. त्याच्याविरुद्ध एकच मुद्दा उरतो, २२ कसोटींचा, आणि त्याला प्रथम श्रेणीच्या ९९२१ धावा उत्तर देतात. सोबर्स आणि लारा यांच्यात फरक केसाएवढा, सातत्यावर सोबर्स. रिचर्ड्सला चौथा ठेवलं म्हणून शिव्या पडतील, पडू देत. पॅकरचे सामने धरले तर तो लाराच्या पुढे जाऊ शकतो, त्याला माझी हरकत नाही. एकदिवसीयमध्ये मात्र चर्चाच नको: १८७ सामने, सरासरी ४७.००, आणि तेव्हाच्या काळात शंभर चेंडूंमागे ९० धावा. १९८४ ला ओल्ड ट्रॅफर्डला संघ ७ बाद १०२, मग ९ बाद १६६. होल्डिंगबरोबर शेवटच्या भागीत १०६, त्यात रिचर्ड्सच्या ९३. स्वतः नाबाद १८९, संघ २७२, आणि दुसरा मोठा आकडा बाप्टिस्टचा २६.

लॉइड आणि ग्रीनिज या यादीत येत नाहीत, पण एकेका डावासाठी दोघेही कोणाच्याही बरोबरीचे. मुंबईकरांना लॉइडबद्दल वेगळं सांगायला नको. १९६६ ला ब्रेबॉर्नवर पदार्पण, चंद्रशेखरने सामन्यात ११ बळी घेतलेले असताना ८२ आणि नाबाद ७८. मग १९७५ ला वानखेडेच्या पहिल्याच कसोटीत नाबाद २४२. ग्रीनिजचं लॉर्ड्सचं १९८४ चं नाबाद २१४ चौथ्या डावातलं, ३४२ चं लक्ष्य एकच गडी गमावून. त्याहून मोठं मी १९७६ चं ओल्ड ट्रॅफर्ड मानतो: संघाच्या २११ पैकी १३४ एकट्याच्या, आणि त्यावर इंग्लंड ७१ सर्वबाद.

सहाव्या जागेसाठी वॉलकॉट की कन्हाय, यावर मात्र मन दोन्हीकडे जातं. सरासरीत नऊ धावांचं अंतर आहे, वॉलकॉटच्या बाजूने. पण दोघांची शतकं १५-१५, आणि परदेशातली वॉलकॉटची ४, कन्हायची ६: कलकत्त्यात २५६, लाहोरला २१७, ॲडलेडला एकाच कसोटीत ११७ आणि ११५, ओव्हलला १०४, आणि १९७३ ला, वय ३७ असताना, लॉर्ड्सला १५७. गावसकरने मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच कन्हायवरून. नव्या चेंडूसमोर तिसऱ्या क्रमांकावर एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस म्हणून माझं मत कन्हायला.